पौल आणि बर्णबा वेगळे झाले तेव्हा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ४:३६, ३७, ९:२६-२८, ११:२२-२६, १५:३६-४१, १ करिंथ. ९:६, २ तीमथ्य ४:११

मैत्री हा विषय शब्बाथशाळेत घ्यावयाचा झाला की आपण बहुतेक सर्वच शिक्षक दावीद व योनाथान यांची गोष्ट काढतो. झगा, धनुष्य, कमरबंद, शेतातील बाणांची खूण. मुलांना गोष्ट आवडते, चित्रेही मिळतात आणि तास सुरेख पार पडतो. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले. परंतु एकदा प्रौढांच्या वर्गाला हाच पाठ देत असता मागच्या बाकावरील एका बंधूंनी विचारले, "सर, योनाथान जगला असता तर यांची मैत्री टिकली असती काय?" वर्गात हसू पिकले. आम्हीही हसून वेळ मारून नेली, कारण उत्तर आमच्याजवळ नव्हते.

घरी आल्यावर शास्त्र उघडून पाहिले. योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडला, आणि दावीद राज्य करू लागला तेव्हा तीस वर्षांचा होता (२ शमु. ५:४). म्हणजे दाविदाच्या बाजूने पाहिले तर ही मैत्री तिशीच्या पलीकडे गेलीच नाही. एक सिंहासनावर व दुसरा त्याच्या हाताखाली, असे दिवस या दोघांना काढावे लागले नाहीत. मुलामुलींची लग्ने, घराची वाटणी, बढती, बदली, हातउसने पैसे, एकाचे चांगले चालले असता दुसऱ्याचे न चालणे, यांतले काही त्या मैत्रीच्या वाट्याला आले नाही. त्या बंधूंचा प्रश्न थट्टेचा नव्हता. ते स्वतः पन्नाशीचे होते, आणि त्यांच्या कोणत्या मित्राचे काय झाले होते हे वर्गातील निम्म्या लोकांना ठाऊक होते.

चाळिशी-पन्नाशीतील मित्रांसाठी शास्त्रात दुसरी एक जोडी आहे, पण तिचा पाठ आपण सहसा घेत नाही. घेतला तरी शेवटची चार वचने घाईने वाचून पुढे जातो. ती जोडी म्हणजे पौल व बर्णबा.

या दोघांची ओळख कशी झाली ते आधी पाहू. दिमिष्काच्या वाटेवरील दर्शनानंतर शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. कालपर्यंत छळणारा माणूस आज भाऊ म्हणून दाराशी उभा आहे, यावर कोण विश्वास ठेवील? त्या वेळी कुप्र बेटाच्या एका लेव्याने, शेत विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवणाऱ्या बर्णबाने, त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेले. पुढे शौल आपल्या तार्स गावी गेला, आणि मध्यंतरी त्याच्याविषयी मंडळीच्या इतिहासात काही ऐकू येत नाही. अंत्युखियात काम वाढले, मदतीला माणूस हवा झाला, तेव्हा बर्णबाच उठून तार्सास गेला, शौलाला शोधून काढले आणि घेऊन आला. दोघांनी तेथे वर्षभर पुष्कळ लोकांना शिकविले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले ते त्याच शहरात. आपण आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जो शब्द लिहितो, त्याच्या मुळाशी या दोघा मित्रांचे एक वर्षाचे काम आहे.

आता शिक्षकांनी एक लहानशी गोष्ट करून पाहावी. कृत्यांचे ११ ते १५ हे अध्याय घ्यावेत आणि या दोघांची नावे जेथे जेथे जोडीने येतात तेथे पेन्सिलीने खूण करावी. आरंभी सर्वत्र 'बर्णबा व शौल' असे आहे. दुष्काळाची मदत नेताना असे, अंत्युखियाहून पाठवणी होताना असे, कुप्रात सुभेदारापुढे असे. मग तेराव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात एकाएकी 'पौल व त्याचे सोबती' असे येते. बर्णबाचे नावही नाही. तो सोबत्यांत गेला. त्यानंतर बहुतेक ठिकाणी 'पौल व बर्णबा' हाच क्रम आहे. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत मात्र पुन्हा 'बर्णबा व पौल' होते, कारण तेथील जुन्या मंडळीत बर्णबाची ओळख अधिक. लूकने हे मुद्दाम केले की लिहिता लिहिता तसे झाले, याचा वाद विद्वानांनी करावा. आम्हाला एवढेच दिसते की ज्याने हात धरून आणले तो मागे पडला आणि ज्याला आणले तो पुढे गेला.

असे झाले असता मैत्री टिकणे फार कठीण. आपल्यात पाहा. एकाच वसतिगृहात दोघे वाढले, एकाच वर्षी शिक्षकाची नोकरी धरली. एक मुख्याध्यापक झाला, दुसरा वर्गावरच राहिला. किंवा एकाने दुसऱ्याला कॉयरमध्ये आणले, सूर शिकविले, आणि पाच वर्षांनी ऑर्गनवर दुसरा बसला. पुढे गेलेला म्हणतो, "अरे, आपल्यात काही बदललेले नाही." मागे राहिलेला म्हणतो, "छे, छे, मुळीच नाही." आणि दोघेही ते शब्द थोडे मोठ्याने बोलतात. बर्णबाच्या मनात यांपैकी काही आले असे शास्त्र कोठेही सांगत नाही, आणि आम्हीही त्याच्या माथी ते मारीत नाही. उलट, दोन अध्याय तो दुसऱ्या नावाने राहिला आणि काम चालू राहिले, ही त्याच्या थोरपणाची साक्ष आहे.

मग फूट कशावरून पडली? योहान मार्क याच्यावरून. हा बर्णबाचा नातेवाईक (कलस्सै. ४:१०), यरुशलेमेतील ज्या मरीयेच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमे तिचा मुलगा. पहिल्या फेरीत तो बरोबर होता, पण पंफुल्यातील पिर्गा येथून परत गेला. का गेला हे लिहिलेले नाही. दुसऱ्या फेरीची गोष्ट निघाली तेव्हा बर्णबा म्हणाला याला घेऊ या, आणि पौल म्हणाला मध्येच सोडून गेलेल्या माणसाला नेणे बरे नाही. एवढ्यावरून तीव्र मतभेद झाला. लूकने येथे जो ग्रीक शब्द घातला आहे, पारॉक्सुस्मॉस, तो साध्या मतभेदाचा नाही. झटका यावा तसा क्षोभ, असा त्याचा अर्थ. हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण इब्री लोकांस पत्र १०:२४ हे आहे, आणि तेथे तो एकमेकांना प्रीती व सत्कर्मे करण्यास उत्तेजन देण्याविषयी आहे! जी धग उत्तेजन देते तीच जाळूही शकते, हे ज्यांनी मंडळीची कामे खांद्याला खांदा लावून केली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको.

वर्गात येथे नेहमी दोन पक्ष पडतात. तरुण संघातील मुले बर्णबाची बाजू घेतात, कारण चुकलेल्याला पुन्हा संधी मिळावी असे त्यांना वाटते. ज्यांनी संस्था चालविल्या आहेत, हिशेब ठेवले आहेत, ते पौलाच्या बाजूला जातात. आमच्या मते दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच तोडगा निघाला नाही. एक जण खोटा असता तर त्याला क्षमा मागावयास सांगून प्रकरण मिटविता आले असते. शिवाय भांडणाला दिसते एक कारण आणि असते एक. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की, अंत्युखियात परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवण्याच्या प्रश्नावर पेत्र मागे सरला आणि बर्णबादेखील त्यांच्याबरोबर ओढला गेला. त्या 'देखील'मध्ये किती दुःख आहे! हा प्रसंग याच सुमाराचा असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर मार्काचा विषय निघाला तेव्हा पौलाच्या मनातील जखम ओलीच होती.

बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकियाकडे गेला. यानंतर कृत्यांच्या पुस्तकात बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. लूकने ही फूट झाकली नाही, आणि कोणाला दोषही दिला नाही.

येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहू. मैत्री संपते ती नेहमी भांडूनच संपते असे नाही. बहुतेक मैत्र्या न सांगताच विरतात. विशीत मित्र होतात ते जवळ असल्यामुळे. एकच खोली, एकच सायकल, एकच पेटी वाजविणारे दोघे. पुढे एकाची बदली हुबळीस, दुसऱ्याची हैदराबादेस. नाताळचे कार्ड काही वर्षे येते, मग कार्डाची जागा फोनवरील चित्र घेते, मग तेही सर्वांना एकदम पाठविलेले असते. मुलींच्या बाबतीत तर हे फार लवकर घडते. लग्न होऊन गाव बदलले की जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्याच्या घरच्या सोयीने भेटावयाची वस्तू होते. पन्नाशीत, मुले मार्गी लागल्यावर, महिला मंडळात जी नवी मैत्री जुळते ती कित्येक भगिनींची तीस वर्षांतील पहिली मैत्री असते, आणि आम्ही पाहिले आहे की ती फार खोल असते. विरलेल्या मैत्रीविषयी मनात अपराध धरू नये. जे ऋतूपुरते होते ते त्या ऋतूत खरे होते. फोन न करणारा मित्र शत्रू झाला, असा हिशेब मांडणारे लोक पन्नाशीत फार एकटे पडतात.

आणि काही मैत्री तोडावीच लागते. जो मित्र दर पगाराला गुत्त्याकडे ओढतो, जो आपल्या घरात येऊन आपल्या बायकोमुलांचा पाणउतारा करतो, जो आपल्या नावावर दुसऱ्याला फसवितो, त्याच्यापासून दूर होणे म्हणजे क्षमा न करणे नव्हे. क्षमा मनात एकट्यानेही करता येते. सहवासाला दोघांचे चालणे नीट असावे लागते. मात्र दूर होण्याआधी मत्तय १८:१५ प्रमाणे त्याच्याकडे एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला सांगावयाचा आहे. हे वचन आपल्या मंडळ्यांत सर्वांना पाठ आहे आणि क्वचितच कोणी ते पाळतो. प्रथम पत्नीला सांगतो, मग शेजाऱ्याला, मग पाळकसाहेबांना. ज्याचे त्याला मात्र सांगत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी लिहीत नाही. आमचे स्वतःचेच सांगतो.

आमचे एक मित्र होते. नाव लिहीत नाही. वीस वर्षे एकाच शब्बाथशाळेत दोघांनी शिकविले. लहान मुले त्यांच्याकडे, मोठी आमच्याकडे. नाताळच्या नाटकाचे पडदे दोघांनी मिळून रंगविलेले. त्यांच्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवावयाचे होते, म्हणून त्यांनी एका पतपेढीतून कर्ज काढले आणि आम्ही जामीन राहिलो. (जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रे ६:१-५ मध्ये काय आहे ते आम्ही वर्गात शिकविले होते. शिकविणे वेगळे.) पुढे त्यांच्या कामाच्या ठिकाणी पगार थकला, हप्ते चुकले, आणि पाच महिने ती रक्कम आमच्या पगारातून कापली गेली. पैशाची ओढाताण झालीच, पण लागले ते निराळेच. ही गोष्ट आम्हाला पतपेढीच्या कारकुनाकडून कळली. ते त्या पाच महिन्यांत दर रविवारी आमच्या शेजारी बसून गीते गात होते आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

आम्हीही बोललो नाही. त्यांनी आपणहून सांगावे अशी वाट पाहत राहिलो. आता वाटते, त्यांना शरम वाटत होती आणि आमचा चेहरा पाहून ती वाढत होती. येणेजाणे कमी झाले, मग थांबले. कोणी विचारले तर आम्ही म्हणत असू, "हल्ली वेळच मिळत नाही." ती कापलेली रक्कम त्यांनी नंतर पैसा न् पैसा फेडली, तीही पतपेढीमार्फतच, पाकिटात पावती होती, चिठ्ठी नव्हती.

दोन वर्षांनी पास्टोरेट कमिटीत शब्बाथशाळेचे सुपरिटेंडंट नेमण्याचा विषय निघाला. कोणी त्यांचे नाव सुचविले. त्याहून योग्य नाव आमच्या मंडळीत दुसरे नव्हते, आणि हे आम्हाइतके कोणालाच माहीत नव्हते. चेअरमनसाहेबांनी आमच्याकडे पाहून विचारले, "तुम्ही त्यांना जवळून ओळखता; तुमचे मत?" आम्ही म्हणालो, "त्यांच्याविषयी आम्ही काही बोलू इच्छीत नाही."

एवढेच. खोटे काही बोललो नाही, चहाडी केली नाही. घरी येताना तर आपण मोठा संयम पाळला असे वाटले. पण त्या वाक्यानंतर खोलीत जी शांतता पसरली तिने सर्व काम केले. जबाबदारीचे पद, मुलांच्या वर्गणीचा पैसा, आणि वीस वर्षांचा मित्र म्हणतो की बोलू इच्छीत नाही! दुसरे नाव पुढे आले आणि मंजूर झाले. कमिटीतील बोलणे बाहेर जात नाही असे आपण म्हणतो. आठवड्याच्या आत ते त्यांच्या घरी पोहोचले. पुढच्या रविवारपासून त्यांचे कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाच्या उपासनेला जाऊ लागले.

त्यांच्या हातून आमच्या पाच महिन्यांच्या पगाराला धक्का लागला होता आणि तो त्यांनी भरून दिला. आमच्या हातून त्यांच्या नावाला लागला.

याच काळात करिंथकरांस पहिले पत्र शिकविण्याची पाळी आमच्यावर आली. नवव्या अध्यायात पौल प्रेषितांच्या हक्कांविषयी बोलत आहे. मंडळीने आपला खर्च चालवावा हा हक्क असताही तो स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरतो. आणि सहाव्या वचनात, मध्येच, तो आपल्याबरोबर एकच नाव घेतो: बर्णबाचे. काम न करता राहण्याचा हक्क काय तो मलाच व बर्णबालाच नाही, अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. अंत्युखियातील ती फूट साधारण इ. स. ४९-५० ची, आणि हे पत्र त्यानंतर चार-पाच वर्षांचे. करिंथच्या मंडळीत पौलाने काम केले ते सीला व तीमथ्य यांच्यासह. बर्णबा त्याच्याबरोबर तेथे नव्हता. नाव न घेता चालले असते. कोणी चूक काढली नसती. तरी पौलाने लिहिले, आणि आपल्या बरोबरीचा म्हणून लिहिले. दोघे पुन्हा एका फेरीला निघाल्याचे शास्त्रात कोठे नाही. मैत्री पूर्वीसारखी झाली असेही नाही. परंतु दूरच्या एका शहरात, बर्णबाच्या माघारी, त्याचे नाव निघाले तेव्हा ते मानाने निघाले.

हे वचन आम्ही वर्गात मोठ्याने वाचले आणि पुढे शिकविता येईना. घसा बसल्याचे निमित्त करून तास लवकर सोडला.

पुढच्या कमिटीत आम्ही उभे राहून झालेली गोष्ट सांगितली: ते आमचे पैसे फेडून मोकळे झाले आहेत, त्यांच्याविषयी आमची काडीचीही तक्रार नाही, आणि त्या दिवशी आम्ही जे बोललो ते बोलावयास नको होते. नेमणूक होऊन गेली होती. ती काही बदलली नाही. एका सभासदांनी कार्यवृत्तात काय लिहावे असे विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो की हेच लिहावे.

मग त्यांना भेटावयाचे राहिले होते. त्याला आम्ही आणखी सहा महिने लाविले, हेही कबूल केले पाहिजे. तोवर ते मुलीकडे मिरजेस राहावयास गेले होते. दुपारच्या गाडीने गेलो. दार मुलीनेच उघडले. ड्यूटीवरून नुकतीच आली होती. "या काका," म्हणाली, आणि हातातील पिशवी घेतली. तिच्या बाबांपुढे बसून आम्ही बोलावयाचे ते बोललो. त्यांनी ऐकून घेतले. "झाले ते झाले," म्हणाले, आणि काही वेळाने, "मीही तेव्हा सांगावयास हवे होते." चहा झाला. साखरेच्या आजाराच्या गोळ्या, मिरजेचे पाणी, जुन्या पाळकसाहेबांचा मुलगा कोठे असतो, असे बोलणे झाले. स्टँडपर्यंत ते पोहोचवावयास आले. आमच्यातील जुनी मैत्री त्या दिवशी परत आली नाही, त्यानंतरही नाही. नाताळला फोन होतो. दोघेही आता साठीच्या पुढे आहोत. वीस वर्षे जे होते ते पुन्हा बांधावयास आणखी वीस वर्षे लागतील, आणि ती कोणाजवळ आहेत?

काही वाचकांना वाटेल की समेट म्हणजे पूर्वीसारखे होणे. तसे झाले तर देवाचे उपकार मानावेत. पण मंडळीच्या इतिहासात दुसऱ्याही प्रकारचे समेट आहेत. जॉन वेस्ली व जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे मित्र. १७३९ साली ब्रिस्टलला उघड्या मैदानावर उपदेश करण्यास वेस्लीला बोलाविले ते व्हाइटफील्डनेच. म्हणजे येथेही एकाने दुसऱ्याला कामात आणले. त्याच वर्षी पूर्वनियुक्तीच्या शिक्षणावरून वेस्लीने विरोधी उपदेश छापला, १७४१ साली व्हाइटफील्डचे उत्तर छापून आले, आणि दोघांच्या अनुयायांचे दोन तट झाले. तो मतभेद शेवटपर्यंत मिटला नाही. काही वर्षांनी मात्र दोघे एकमेकांना भेटू लागले, एकमेकांच्या व्यासपीठावरून बोलू लागले. ३० सप्टेंबर १७७० रोजी व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ उपदेश केला तो वेस्लीने, व्हाइटफील्डच्याच इच्छेवरून. आपल्या मागे आपल्याविषयी बोलावयाचे तर आपल्याशी वाद घातलेल्या माणसाने बोलावे, इतका त्याचा विश्वास होता.

आपल्या मातीतील उदाहरण द्यावयाचे तर टिळक व आगरकर यांचे आहे. दोघेही १८५६ साली जन्मलेले, डेक्कन कॉलेजातील मित्र, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी सुधारक काढला, आणि मग दोन वर्तमानपत्रांतून सर्व महाराष्ट्रासमोर जे झाले ते शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचले आहे. १८९५ च्या जून महिन्यात आगरकर वारले. चाळिशीही त्यांनी पाहिली नाही. मित्राशी नीट बोलावयाला पुढे वेळ आहे असे समजणाऱ्याने ते साल लक्षात ठेवावे.

हा पाठ घेणाऱ्या शिक्षकांसाठी दोन शब्द. नकाशा असल्यास न्यावा. अंत्युखिया व कुप्र दाखविले की दोघे किती निराळ्या दिशांना गेले ते मुलांना दिसते. 'चूक कोणाची?' या प्रश्नावर दहा मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये, नाहीतर तास त्यातच जातो. मोठ्यांच्या वर्गात कोणाच्या घरची ताजी गोष्ट निघू लागली तर ती हळूच थांबवावी. ज्याची गोष्ट आहे तो पुष्कळदा त्याच खोलीत बसलेला असतो. आणि मार्काला विसरू नये.

आम्ही विसरलो होतो. आमच्या वर्गात एक आजी येतात. ऐंशीच्या आसपास वय, कानाला कमी ऐकू येते, म्हणून पहिल्या बाकावर बसतात. पौल कसा, बर्णबा कसा, हे सगळे झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि त्या पोराचं काय? दोन वडीलधारी माणसं आपल्यापायी तुटली, हे त्याच्या जिवाला किती लागलं असेल." आम्ही त्यांना २ तीमथ्य ४:११ काढून दिले. पौल बंदिवासात आहे, म्हातारा झाला आहे, मरण जवळ दिसते आहे. तीमथ्याला लिहितो की मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, तो सेवेकरता मला उपयोगी आहे. त्याच मार्काला, ज्याला एकदा नेणे बरे नाही म्हणाला होता.

आजींनी वचन दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "म्हणजे बर्णबानं त्याचे कान भरले नव्हते. भरले असते तर हा गेला असता का पौलाकडे?"

इतकी वर्षे हा पाठ शिकवून आम्हाला हे दिसले नव्हते. आम्ही सर्व वेळ पौलाने बर्णबाविषयी काय म्हटले ते पाहत होतो; बर्णबाने कुप्राच्या त्या घरात, ज्याच्यावरून भांडण झाले त्या मुलाजवळ, पौलाविषयी काय म्हटले असेल ते आमच्या ध्यानीही आले नव्हते. आणि मग मिरजेचे दार आठवले. ज्या मुलीच्या शिक्षणासाठी ते कर्ज होते, आणि तिच्या बाबांचे नाव आम्ही कमिटीत कसे खाली पाडले हे जिच्या घरी आठवड्याच्या आत पोहोचले होते, तिने दार उघडून आम्हाला, लहानपणी म्हणत असे तसेच, "या काका" म्हटले होते.